जपानी मशीन आणि तांब्याभर तीर्थ

जयवंत परबांचा देवावर विश्वास होता, पण देवाने आपल्या वायर-कट मशीनपासून चार हात लांब राहावं अशी त्यांची अपेक्षा होती.

मुंबईतल्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन, होती नव्हती ती पुंजी ओतून त्यांनी हे जुनं जपानी मशीन वसईजवळ वालीवच्या गाळ्यात आणलं होतं. केसाएवढी पितळी तार, तिच्यातून उडणाऱ्या ठिणग्या, आणि पाण्याखाली कडक पोलाद निमूट कापलं जायचं. अट एकच, टाकीतलं पाणी अगदी शुद्ध हवं. क्षार वाढले की ठिणगी भरकटायची आणि तार तुटायची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एका कंपनीचे इंजिनियर नमुन्याचा तुकडा तपासायला येणार होते. तुकडा पास झाला तर गाळा चालणार. नाही तर जुन्या कारखान्याच्या गेटवर जाऊन, साहेब, जागा आहे का, असं विचारायची पाळी.

म्हणून खंडेनवमीला जयवंतांनी फर्मान काढलं. पूजा होईल ती कोपऱ्यातल्या ड्रिल मशीनची. नव्याने आलेल्या मशीनला हळद नाही, कुंकू नाही, फूल नाही.

त्यांची बायको लतिका करंडा हातात घेऊन उभीच राहिली. "अहो, नवी सून घरात आली आणि तिलाच कुंकू नाही?"

"ती जपानी आहे," जयवंत म्हणाले.

गाळ्याचे मालक हरेश्वरकाका पूजेला आले होते. खाडीकाठची भातशेती मोडून त्यांनी हे गाळे बांधले होते, पण वाडी राखली होती. वाडीतला नारळ त्यांनी ड्रिल मशीनपुढे फोडला, पाणी तांब्यात धरलं आणि सगळ्यांना तीर्थ दिलं. उरलेल्या तीर्थाचा तांब्या जयवंतांनी स्वतःकडे घेतला. तीर्थ पायदळी जाता कामा नये, हे त्यांच्या आईने लहानपणीच बजावलं होतं.

दसऱ्याला सकाळी त्यांनी मशीन सुरू केलं. तार तुटली. पुन्हा ओवली, पुन्हा तुटली. क्षारांचा मीटर पाहिला तर पाणी पार बिघडलेलं. तेवढ्यात लतिका आपट्याची पानं घेऊन आली.

"गुपचूप कुंकू कालवलंस ना टाकीत?" जयवंत सगळ्या गाळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले. "पोटावर पाय आणलास माझ्या! पुन्हा या मशीनला हात लावलास तर याद राख!"

लतिकाचे डोळे भरून आले. पानं तिने खिडकीत ठेवून दिली.

हरेश्वरकाका दारातच उभे होते. "तिला कशाला बोलतोस? नारळाचं पानी तं तूच वतलंस टाकीत."

"मी?"

"नवमीला. तांब्या पालथा केलास, हात जोडलेस. मी बघत होतो ना. म्हटलं, तोंडाने काय पन बोलो, मानूस देव मानतो. बरं वाटलं मला."

जयवंतांना आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाळ्यात जमिनीवर तेल, बाहेर गटार, तुळस कुठेच नाही. सगळ्यात स्वच्छ जागा म्हणजे त्यांनीच घासूनपुसून ठेवलेली ती टाकी. डोक्याला न विचारता हातांनी आपलं काम उरकलं होतं.

"चुकलं" एवढा एक शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. ते टाकी उपसायला लागले. लतिकाने पदर खोचून बादली धरली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही. जवळच्या सातिवलीहून बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याचे कॅन टेंपो भरून आले. संध्याकाळी तार न तुटता तुकडा कापून झाला.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर आले. ॲन्सेल्म डाबरे, वसईचेच. त्यांनी मायक्रोमीटर लावला, पुन्हा लावला आणि हसले. "परबसाहेब, पास! सोमवारपासून काम पाठवतो."

जयवंतांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात डाबऱ्यांनी खिशातून छोटी बाटली काढली. "चर्चचं पवित्र पाणी आहे. नवीन मशीन म्हटल्यावर आईने मुद्दाम दिलंय. चार थेंब टाकीत सोडतो हं."

जयवंतांनी बाटलीकडे पाहिलं, मग टाकीकडे. हो म्हणावं तर मशीन बिघडणार, नको म्हणावं तर माणूस.

लतिका पुढे झाली. "भाऊ, आईंना सांगा, पाणी पोचलं. पण टाकीत नको. मशीनचं काही चुकलेलं नाही." तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. "यांच्या डोक्यावर शिंपडा."

डाबरे गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले.

जयवंतांनी टोपी काढली आणि डोकं खाली केलं.