चापून विंचरलेला डोंगर

"माझी खुर्ची परत कुणी खाली केली?" दादा पुटपुटले.

शेजारच्याच टेबलाशी बसलेल्या धाकट्या बहिणीला ते ऐकू गेलं, पण तिनं मान वर केली नाही. झाडणारी बाई खुर्ची टेबलाखाली सरकवायला खाली करायची आणि वहिनी रोज सकाळी गुपचूप वर करायची. आज वहिनी विसरली. खाली केलेल्या खुर्चीतून दादांना उठता येत नाही, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. त्यांची खाट घराच्या वरच्या मजल्यावरून ऑफिसामागच्या खोलीत आली, तीही म्हणे "खाली गार वाटतं" म्हणून.

आज मात्र गार कुणालाच वाटत नव्हतं. तिसरा बोअरही रिकामा गेला होता. ड्रिल चालवणाऱ्या मिस्त्रींनी त्यातून निघालेले दगडाचे दांडे पेटीत ओळीनं रचून आणले होते. ज्या तांब्याच्या खनिजासाठी एवढा खटाटोप, त्याचा त्यात मागमूस नव्हता.

"नकाशा चुकलाय," दादा म्हणाले. "आणि नकाशा कुणी केला?"

"सॉफ्टवेअरनं. मी जे भरवलं त्यावरून."

"म्हणजे भरवताना चुकलीस."

धाकटीच्या कानशिलापर्यंत आग गेली. डोंगर दोघांनी मोजायला वाटून घेतला होता, पूर्वेची बाजू तिची, पश्चिमेची त्यांची. उघड्या खडकाला होकायंत्र लावायचं, थर कुठे आणि किती कललाय ते मोजायचं. नकाशावर त्याची एक बारीक रेघ उमटते. अशा रेघांवरून सॉफ्टवेअर जमिनीखालचा थर ताडतं आणि बोअर कुठे घ्यायचा ते सुचवतं.

तिनं स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

"बघ. ही माझी बाजू." रेघा झोपेतून उठलेल्या पोरीच्या केसांसारख्या, चारी दिशांना. खडक असाच असतो, चार पावलांवर वळतो, रुसतो. "आणि ही तुझी."

पश्चिमेच्या सगळ्या रेघा एकाच दिशेला, तेल लावून चापून बसवलेल्या.

"नीट मोजलं की नीटच येतं," दादा म्हणाले.

"एवढं नीट कुठल्याच डोंगराला येत नाही. तूच शिकवलंस मला. आणि सगळे आकडे पायथ्याच्या रस्त्याकडेच्या एकाच खडकासारखे कसे?"

"डोंगराला विचार."

"सॉफ्टवेअरला विचारून झालं! त्याला नीटनेटकेपणाचं भारी कौतुक. माझ्या बाजूला खात्री नाही म्हणालं आणि तिन्ही बोअर तुझ्या बाजूला दिले. मिस्त्री, तुम्ही पायथ्याशी होतात ना, दादा मोजायला आला तेव्हा?"

मिस्त्री पेटीत बघत म्हणाले, "होतो की ताई. पण मशीनचा आवाज फार असतो हो."

"मशीनच्या आवाजानं दिसायचंही बंद होतं का?"

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. "अगं, सोड ना आता. जरा सांभाळून घे."

"काय सांभाळू वहिनी? डोंगर?"

"आवाज खाली!" दादांनी टेबलावर हात आपटला. "चौथा बोअर ठरल्या जागीच होईल. भागीदारांना मी कळवतोय, चूक नकाशा करणारीची आहे. उद्यापासून तू गोदामात पेट्यांना चिठ्ठ्या लाव."

याच माणसानं तिचा हात धरून होकायंत्राची सुई स्थिर कशी होऊ द्यायची ते दाखवलं होतं, आणि आता तोच तिच्या तोंडाला काळं फासत होता.

"चिठ्ठ्या लावीन," ती म्हणाली. "पण माझं नाव नासवायच्या आधी पश्चिमेची बाजू परत मोजू दे. नाहीतर चल की. आपण दोघं जाऊ. आत्ता. गाडी बाहेरच आहे."

चहावर साय धरत होती.

"विषय संपला," दादा म्हणाले आणि उठायला गेले. दोन्ही हात टेबलावर रोवले. खुर्ची करकरली. अर्धे वर आले, परत बसले. पुन्हा जोर लावला. मिस्त्रींना पेटीतल्या एका दगडात अचानक फार रस वाटू लागला. धाकटीचा हात सवयीनं त्यांच्या कोपराकडे गेला, आणि तिनं तो तसाच मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला.

वहिनीनं ट्रे खाली ठेवला. खुर्चीपाशी वाकली, ती वर करायचा खटका तिच्या बोटांना लागलाही. मग तिनं तो सोडून दिला आणि सरळ उभी राहिली.

"अहो, बसा," ती म्हणाली. "खाली गार वाटतं म्हणून नाही हो तुमची खाट खाली आणली. तुमच्यानं घरचा जिना चढवत नाही. तो डोंगर तुम्ही चढलाच नाहीत."