अवघड गाव

डॉक्टरांच्या आईचं एक व्रत होतं. ते बाहेरून कुणाला दिसायचं नाही, कारण त्यात उपास नव्हता की पारणं नव्हतं. सकाळी देवापुढे दिवा लावला की ती हात जोडायची आणि मनातल्या मनात म्हणायची, "देवा, आजच्या दिवसापुरती माझ्या तोंडून कुरकुर निघू देऊ नकोस." उद्याचं उद्या. नवरा गेला त्या वर्षी येईल त्याच्यापाशी रडगाणं गायची तिला सवय जडू लागली होती. एक दिवस आपल्याला येताना पाहून शेजारणीनं हळूच दार लोटलेलं तिनं पाहिलं, आणि तेव्हापासून हे व्रत धरलं. रोज नवं घ्यायचं आणि दिवस मावळला की देवाच्या पायाशी ठेवायचं.

मुलाच्या मागे ती या गावात आली तेव्हा व्रताची कसोटीच लागली. सरकारची अवघड गावांची एक यादी होती. तिकडे डॉक्टर फिरकत नाहीत, म्हणून सरकारनं गाजर दाखवलं होतं: यादीतल्या गावात तीन वर्षं काढा, पगार वाढवून देऊ, राहायला घर देऊ आणि पुढच्या शिक्षणासाठी एक जागा राखून ठेवू. मुलाला लहान मुलांचा डॉक्टर व्हायचं होतं. का, ते आईला कुणी सांगायला नको होतं. त्याच्या पाठची बहीण तापात गेली तेव्हा तो दारामागे उभा राहून सगळं बघत होता, आणि औषध देणारं माणूस काही वेळेवर आलं नव्हतं. सून शहरात शाळेवर शिकवायची, नात तिच्यापाशी. म्हणून मुलाला दोन घास करून घालायला आई आली.

आली ती हाडं खिळखिळी करणाऱ्या वाटेनं. दवाखान्याच्या मागे दोन खोल्या. छत गळायचं, पाण्यात साबणाला फेस यायचा नाही, आणि वीज म्हणजे रुसका जावई, आला तर आला.

फोनवर सून विचारायची, "आई, कसं आहे हो तिकडे?"

"छान आहे. हवा मोकळी आहे."

"आणि पाणी?"

"पाणी जरा जड आहे. पण अंगी लागतं."

सून हसायची. "तुम्हाला भट्टीत बसवलं तरी म्हणाल, ऊब छान आहे!"

गंमत अशी, की वर्ष सरता सरता आईला ते गाव खरोखरच छान वाटू लागलं. त्याला कारण होती एक कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडची मुकादमीण.

मुकादम दगडाच्या खाणीवर होते. खाण बंद पडली तरी नाव चिकटून राहिलं, आणि दगडाची भुकटीही छातीत चिकटून राहिली. जिना चढल्यासारखी धाप त्यांना बसल्या जागी लागायची. त्यांची बायको दारात मशीन टाकून गावाचे कपडे शिवायची. दिवसभर ते मशीन खडखडत असायचं. मुकादमांचा श्वास अडकला की मुकादमीण मशीन सोडून आत धावायची, आणि मशीन असं मधेच थांबलं की इकडे मुलगा हातातला घास टाकून भिंतीवरून पलीकडे जायचा. हाक मारायची वेळच यायची नाही. दवाखान्यात वाफेचं यंत्र होतं, प्राणवायूची नळकांडी होती. तासाभरात मुकादम पुन्हा दारात बसून टिंगल करायला मोकळे.

"ताई," ते आईला म्हणायचे, "तुमच्या मुलानं माझी पंचाईत केलीये. वर जागा धरून ठेवलीये, आणि हा काही सोडत नाही."

"अहो, भरल्या घरात असं बोलू नये!" मुकादमीण आतून ओरडायची.

डॉक्टर यायच्या आधी दवाखान्याला कुलूप असायचं. मुकादमांची धाप वाढली की त्यांना मालाच्या गाडीत आडवं घालून शहरात न्यायचे. थोरल्या दिरांना असंच नेलं होतं, तेही खाणीतलेच. ते वाटेतच गेले. हे मुकादमिणीनं आईला एकदाच सांगितलं होतं, एका शर्टाला काज करता करता, मान वर न करता.

मग रस्ता झाला. मुलानंच अर्ज करून करून, कचेरीच्या पायऱ्या झिजवून तो करून घेतला. काळाभोर, गुळगुळीत. गावानं मुलाला डोक्यावर घेतलं. दारात बस येऊ लागली. विजेचे नवे खांब आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भर दुपारी दोन माणसं दवाखान्यात आली, एक चष्मेवाले साहेब आणि एक तरुण मुलगी. मुलगा आत रोगी तपासत होता. आईला वाटलं, मुलाच्या कामाची चौकशी आहे. तिनं दोघांना घरात बसवलं, चहा केला.

मुलीनं फार मायेनं विचारलं, "आजी, इथे राहायला त्रास होत असेल ना?"

"त्रास कसला हो! रस्ता झाला, बस दारात येते. वीज आता बरी असते. आणि शेजार तर असा, की सख्ख्या बहिणीनं हेवा करावा."

"म्हणजे अवघड असं काही नाही?"

सकाळचं व्रत आठवून आई हसली. "ज्यांचं मीठ खातो त्यांना नावं कशी ठेवायची? मला तर आता शहरात करमायचं नाही."

"अशी माणसं कमी भेटतात," साहेब म्हणाले. चहा पिऊन ती दोघं गेली. आईला दिवसभर बरं वाटत राहिलं. मुलाची बाजू आपण नीट राखली.

महिनाभरानं मुलगा जेवता जेवता थांबला. "आई, आपलं गाव यादीतून काढलं. आता ते अवघड नाही म्हणे."

"मग चांगलंच झालं की रे!"

"झालेली दोन वर्षं धरतील. तिसरं इथे काढलं तर धरणार नाहीत. शिक्षणाची जागा हवी असेल तर ते वर्ष यादीतल्या दुसऱ्या गावात काढायचं. डोंगरापलीकडे एक आहे. तिथे रस्ता नाही."

"आणि इथे कोण येणार?"

"जाहिरात देतील."

पुढचं दोघांनाही माहीत होतं. यादीत असतानाही हे गाव वर्षानुवर्षं कुलपात होतं. आता यादीत नसलेल्या गावात कोण कशाला येतंय!

"पण अवघड नाही हे त्यांना कळलं कुठून?"

"रस्ता दिसतोच ना," मुलगा म्हणाला. मग ताटाकडे बघत म्हणाला, "पाहणीला येतात तेव्हा राहणाऱ्यांनाही विचारतात."

आईच्या हातातली वाटी तशीच राहिली. मुलानं वर पाहिलं नाही. त्यानं वर पाहिलं असतं, रागावला असता, तर तिला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं भिंतीपाशी उभं राहून मुकादमिणीला सगळं सांगितलं, काही न लपवता. मुकादमिणीचं मशीन थांबलं. मुलगा दवाखान्यातून येऊन डोकावून गेला, ठीक आहे बघून परत फिरला. दोघी त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"रडू नका ताई," मुकादमीण शेवटी म्हणाली. "तुम्ही चांगलं बोललात म्हणून झालं ना? मग जाऊन वाईट बोलू. हाय काय नि नाय काय!"

"मला नाही येत गं वाईट बोलायला."

"मी शिकवते. उभा जन्म नांदले मी इथे, सांगायला काय कमी आहे माझ्याकडे?"

आतून मुकादम खोकत म्हणाले, "सुरुवात नवऱ्यापासून करा. निम्मा दिवस त्यातच जाईल."

कचेरीत जायच्या दिवशी सकाळी आईनं दिवा लावला, हात जोडले, पण शब्द म्हटले नाहीत. "आज नाही घेत," ती हळूच म्हणाली. "रागावू नकोस." आणि देवाकडे पाठ न करता, मागे मागे सरकत बाहेर आली.

बसमध्ये तालीम चालली.

"पहिल्यांदा पाणी सांगा," मुकादमीण म्हणाली. "मग छत. मग विंचू."

"विंचू कुठे निघाला होता?"

"माझ्या सासूच्या वेळी निघाला होता. तोच सांगा. मग रस्त्यातले खड्डे."

"अगं, खड्डे कुठायत?"

दोघींनी खिडकीबाहेर पाहिलं. खड्डे खरंच नव्हते. बस इतकी संथ चालली होती, की खड्डे शोधता शोधता मुकादमिणीचा डोळा लागला आणि तिचं डोकं आईच्या खांद्यावर आलं. रात्र रात्र नवऱ्याच्या श्वासाकडे कान लावून बसणारी बाई ती. आईनं खांदा हलू दिला नाही.

कचेरीत तेच साहेब होते. "अहो आजी!" ते उठून उभे राहिले. "तुमचा चहा अजून जिभेवर आहे. बसा, बसा."

आई बसली आणि बोलू लागली. पाण्याला फेस येत नाही. छत गळतं. वीज जाते. विंचू निघतात. स्वतःच्याच लेकराची चहाडी करावी तसा तिचा आवाज कापत होता. साहेब ऐकत राहिले. मग पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवत म्हणाले, "एवढ्या लांबून आलात, दमला असाल. प्रवासात हाल झाले का?"

मुकादमीण इतका वेळ अंग चोरून बसली होती. साहेब एवढ्या आपुलकीनं विचारतायत म्हटल्यावर तिला राहवलं नाही.

"हाल कसले साहेब! पोटातलं पाणी हललं नाही बघा. पूर्वी इथे यायचं तर आदल्या दिवशी भाकर बांधून निघावं लागायचं. आता बसलो काय, नि आलो काय! रस्ता असा झालाय की मला तर झोपच..."

ती थांबली. हात तोंडावर गेला.

साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "बाई, तुमच्या घरी कोण आजारी आहे का?"

"नवरा."

"हं." त्यांनी टेबलावरची गावांची यादी पुढे ओढली. "ज्या गावाला रस्ताच नाही, तिथेही कुणाचा नवरा आजारी असेल. माझ्याकडे डॉक्टर तेवढेच. कुणाला देऊ, तुम्हीच सांगा."

"म्हणजे आमचं गाव सुधारलं हीच चूक का साहेब?" मुकादमिणीनं विचारलं. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

उठताना आईनं विचारलं, "माझ्या बोलण्यानं झालं का हो हे?"

"नाही हो आजी," साहेब म्हणाले. फार पटकन म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मुकादमीण खिडकीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, मी माझ्या हातानं..."

"तू नाही गं. आधी मीच."

"किती समजावलं होतं स्वतःला, तोंड उघडायचं नाही म्हणून."

"खोटं कुठे बोललीस? खरंच पोटातलं पाणी हललं नाही."

मुकादमिणीला हसू फुटलं. आईलाही. दोघी हसता हसता एकमेकींचा हात धरून रडू लागल्या आणि पुढच्या बाकावरच्या माणसानं मान वळवून पाहिलं तरी थांबल्या नाहीत.

संध्याकाळी मुलानं स्वतःच विषय काढला. उंबऱ्यावर बसून पायातली चप्पल बोटानं फिरवत तो म्हणाला, "आई, मी इथेच राहू का? जागा जाऊ दे. तू म्हण, राहतो."

"राहा" हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. भिंतीपलीकडे मशीन चालू होतं. त्या आवाजात तिला मधूनच दुसरा एक आवाज ऐकू येत होता, तापानं फणफणलेल्या एका लहान पोरीचा. इतकी वर्षं झाली, तरी तो आवाज मोठा झाला नव्हता. एकीला वाचवायचं राहून गेलं, म्हणून हा दुसऱ्यांची वाचवायला निघाला होता. त्याला कोणत्या तोंडानं अडवणार?

"डोंगरापलीकडे," ती शेवटी म्हणाली, "लहान मुलं असतील ना रे?"

"असतील."

"मग चल."

जायच्या आधी मुलानं वाफेचं यंत्र मुकादमांच्या घरी नेऊन ठेवलं आणि मुकादमिणीला पुन्हा पुन्हा शिकवलं: औषध किती, नळी कशी धुवायची, ओठ निळसर दिसले की वाट न बघता बस धरायची. ती शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत राहिली.

"काकू, आता रस्ता चांगला आहे," तो म्हणाला. धुतलेली नळी त्यानं पुन्हा एकदा पुसली.

"चांगलाय की," मुकादम म्हणाले. "मला गाडी लागते, एवढीच काय ती अडचण."

निघायच्या सकाळी आईनं दिवा लावला आणि व्रत घेतलं, नेहमीसारखं, आजच्या दिवसापुरतं. मुकादमीण निरोपाला आली नाही. "मला जमायचं नाही ताई, मी शिवत बसते," असं तिनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं. गाडीत सामान चढेपर्यंत मशीनचा आवाज येत होता. गाडी सुरू झाली, दवाखान्याला वळसा घालून रस्त्याला लागली, आणि मशीन थांबलं.

"थांबवा!" मुलगा ओरडला. गाडी पुरती थांबायच्या आतच तो उतरून धावत सुटला, भिंतीवरून पलीकडे गेला. आई तशीच खाली उतरली, धापा टाकत भिंतीपाशी आली.

मुकादम दारात बसलेले होते. मुकादमीण मशीनमागे, डोळे लाल, हातात रिकामं रीळ.

"काही नाही हो डॉक्टर," ती म्हणाली. "दोरा संपला."

मुकादमांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. नेहमीसारखं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मुलगा वाकून त्यांच्या पाया पडला आणि दारानं बाहेर आला. या वेळी त्यानं भिंत ओलांडली नाही.

गाडी पुन्हा निघाली. आई पुढे बघत होती, पण तिचा सगळा जीव कानात गोळा झाला होता. आता नवं रीळ घालील. आता मशीन सुरू होईल. रस्ता सरळ होता, गुळगुळीत होता, गाडी जराही हादरत नव्हती.

"काच लावून घेऊ का आई? वारा लागतोय," मुलानं विचारलं.

"असू दे," ती म्हणाली. "हवा छान आहे."

वळण येईपर्यंत तिनं काच लावू दिली नाही.