शंभर तासांत एकदाही न खोकलेले इंजिन

“त्या लाल पेट्रोलात हात बुडवू नकोस, विल्फ. गोड वास येतोय त्याला. मला नाही भरवसा वाटत.”

विल्फची बायको नेल हे बोलली तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. मित्रांनो, भाकरतुकडा घेऊन येणाऱ्या बाईला यंत्रातले काय कळणार, असे मलाही वाटले होते.

मी विमानाचे एक जुने इंजिन आहे. बारा सिलिंडरांचे. पहिले महायुद्ध संपून तेरा वर्षे झाली, तेव्हा कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथले कामगार यंत्राला बाईमाणसासारखी हाक मारत. मला म्हणत ‘म्हातारी’, कारण मी खोकत असे. त्या काळी सगळ्यांना एकच ध्यास होता: वजन तेवढेच, ताकद दुप्पट. पण जोर वाढवला की माझ्या पोटात पेट्रोल अवेळी भडके, ठक्-ठक् आवाज येई आणि पिस्टनला भोक पडे. माझे तीन पिस्टन असेच गेले.

मग शिसे या धातूपासून केलेले औषध आले. पेट्रोलात थोडेसे मिसळले की पेट्रोल लाल होई आणि खोकला बंद! डब्यावर कवटीचे चित्र होते, आणि कातडीला लागू देऊ नका, अशी चिठ्ठी. मुकादम ट्रँटरने ती फाडून तिनेच तंबाखूचा पाईप पेटवला. “ही हापिसातल्या मऊ हातांसाठी रे!”

औषध मिसळायचे काम विल्फ गारसाइडचे. जेवणाआधी ग्रीसचे हात पेट्रोलात धुवायची तिथे सगळ्यांनाच सवय होती, पण विल्फ कोपरापर्यंत धुवायचा. दुपारी नेल आठ महिन्यांच्या ईडीला घेऊन फाटकाशी यायची ना! “काळ्या हातांनी घेऊ होय माझ्या पोरीला?” तो म्हणे. आणि माझ्या टाकीतून काढलेल्या त्याच लाल पेट्रोलात पुन्हा एकदा हात चोळी.

आधी त्याची झोप गेली. मग भरदुपारी त्याला पाखरे दिसू लागली.

“नेल, झटक ना तिच्या तोंडावरची!”

“कुठायत रे पाखरं?”

“विल्फ, त्यांचीही हजेरी लाव!” बाकीचे खिदळले.

नेल हसली नाही. तिने मुकादमाला गाठले. “चार दिवस घरी पाठवा त्याला. हात जोडते.”

“म्हातारीची शंभर तासांची परीक्षा आहे, बाई. मध्ये बंद पडली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि ते मिश्रण त्याच्याशिवाय कुणाला जमतंय?”

शहाण्णवाव्या तासाला विल्फ कोसळला. तोंडाला फेस, आणि पाखरांच्या नावाने किंकाळ्या. ट्रँटरने त्याला चामडी पट्ट्याने बाकाच्या लोखंडी पायाला बांधले. “चारच तास रे, राजा,” तो म्हणाला, आणि त्याने माझा वेग वाढवला.

मी एकदा खोकले असते तरी पुरे होते. त्यांना मला थांबवावेच लागले असते, आणि विल्फकडे कुणाचे तरी लक्ष गेले असते. मी किती प्रयत्न केला! पण ते औषध माझ्या पोटात होते. मी मधासारखी गोड चालत राहिले.

शंभर तास भरले. टोप्या उडाल्या. मग डॉक्टरला बोलावणे गेले.

विल्फ पाचव्या दिवशी गेला. शवपेटी बंद करताना नेल एवढेच म्हणाली, “हात बघा किती स्वच्छ आहेत.”

माझे फोटो छापून आले. माझ्यासारखी शेकडो इंजिने घडली, उंच उडाली. पुढे नवी आली, आणि मी आधी एका कॉलेजच्या शेडमध्ये धूळ खात पडले, मग या संग्रहालयात आले. दर शुक्रवारी माझी पितळी पाटी घासतात. तिच्यावर शंभर तास कोरले आहेत. विल्फचे नाव नाही.

मित्रांनो, मला पुसायला येऊ नका. तुमच्या घरी कुणीतरी कामावरून येते, तुम्हाला डाग लागू नये म्हणून हात खसाखसा धुते आणि मगच तुम्हाला जवळ घेते. त्या माणसाला काल झोप लागली का? नसलेले काही अंगावरून झटकताना ते माणूस दिसले, तर हसू नका. आत्ता उठा आणि त्याला बघून या.