भाडेकरू

आमच्या बेकरीतल्या जुन्या भट्टीमागचं भोक सासरे कधी बुजवू द्यायचे नाहीत. "आत भाडेकरू आहे," म्हणायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला उंदरांचा पुळका आलाय. ते गेले आणि भावोजींच्या अंगात सुधारणा संचारली. भट्टी बंद, भोकात सिमेंट, पुढच्या खोलीत विजेचा ओव्हन. थंडी पडली, तशी मी तान्ह्या ठमीला ओव्हनशेजारी पावाच्या क्रेटमध्ये निजवायला लागले.

आज सकाळी पावांचा ट्रे काढून टेबलावर ठेवला, वळले आणि क्रेटकडे पाहिलं. ठमीच्या पायाशी, दुपट्यावर, मनगटाएवढा जाड साप वेटोळं घालून पडला होता. विषारी की बिनविषारी, मला काय कळतंय! ठमी गाढ झोपलेली.

"वहिनी, हलू नका," घरातून आलेले भावोजी कुजबुजले. "गारठा केला की जाईल निघून."

त्यांनी ओव्हन बंद केला, वर रस्त्याकडचं दार सताड उघडलं. अक्कल पाजळायला हीच वेळ सापडली! बोचरा वारा आत घुसला. साप हलला खरा, पण बाहेर नाही गेला. ठमीच्या पायांवरून तिच्या पोटाकडे सरकला. त्याला तिथेच ऊब लागत होती. आता ही जागी झाली, हिने पाय झाडला, की संपलंच सगळं.

आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सासऱ्यांचा भाडेकरू हाच. आम्ही भट्टी विझवली, म्हणून हा दुसऱ्या कुठल्या फटीतून उबेच्या मागे इथवर आला.

पाव अजून वाफाळत होते. मी चवड्यांवर टेबलापाशी गेले, ते जमिनीवरच्या रिकाम्या पोत्यावर ओतले आणि पोतं हळूहळू क्रेटला भिडवलं. सापाने डोकं उचललं, जीभ लवलवली. मग तो क्रेटच्या काठावरून पावांवर उतरला. मी ठमीला झडप घालून उचललं.

भावोजींनी सळई उगारली, तेवढ्यात तो आतल्या उघड्या दारातून घरात गेला. तिकडे आमच्या गाद्या आहेत, गोधड्या आहेत.

आम्ही भोक फोडलं, भट्टी पेटवली. सगळं घर पालथं घातलं, पण तो सापडत नाही. आज कुणी अंथरूण घालायचं नावसुद्धा काढत नाही. मी भट्टीपुढे ठमीला उराशी धरून बसलेय, आणि तिचं अंग किती गरम आहे, हेच मला सारखं जाणवतंय.