तट्ट्यांवरून आलेली गाडी

गुणवंतरावांची नवी मोटार वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला आली ती दोन होड्यांवर बसून. तेव्हा नदीवर पूल नव्हता. ढिवर नावाड्यांनी दोन मोठ्या नावा शेजारी शेजारी बांधल्या, वर सागाच्या फळ्या टाकल्या, आणि फिक्या अस्मानी रंगाची ती लांबलचक अमेरिकन गाडी बांबू रेटत रेटत अलीकडे आणली. पाण्यात तिची उलटी सावली पडली होती. काठावर उभ्या असलेल्या शकुबाईला क्षणभर कळेना, आपल्या नवऱ्यानं वरची गाडी घेतली की खालची.

साल त्रेपन्न असेल किंवा चोपन्न. तालुक्यात तोवर मोटारी म्हणजे जंगल खात्याची एक जीप आणि ठेकेदारांचे लाकडाचे ट्रक. गुणवंतरावांची धानाची गिरणी होती, हात मोकळा होता आणि हौस त्याहून मोकळी. नागपूरच्या दुकानदारानं गाडीसोबत लावून मिळणाऱ्या वस्तूंची यादी पुढे ठेवली, तेव्हा त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही. म्हणाले, "जे जे म्हणून आहे ते सगळं लावा. मागून उणीव नको."

म्हणून गाडीत रेडिओ होता, घड्याळ होतं. आतून दांडा फिरवला की बाहेर मान वळवणारा दिवा होता. दाबून सोडलं की लालबुंद होऊन बाहेर येणारं एक बटण होतं, विडी पेटवायला. गुणवंतराव स्वतः विडी ओढत नसत; पण पाहुण्यानं खिशात हात घातला की ते घाईघाईनं त्याला गाडीत नेऊन बसवत. आणि होता हीटर! चैत्र लागला की जिथे कावळे चोच उघडी टाकून बसतात, त्या मुलखात मोटार तापवायचं यंत्र! सगळं गाव हसलं.

"गुणवंतभाऊ, उन्हाळ्यात आमाले बलावा जी," गिरणीवरचा लटारू म्हणाला, "तुमच्या गाडीत पापड भाजून घेऊ."

शकुबाई हसली नाही. तिला ती गाडी देवघरासारखी वाटे. पाय झटकून, पदर सावरून ती आत बसे. समोरची झापड खाली ओढली की तिच्या मागे तळहाताएवढा आरसा निघे. त्यात तिला स्वतःचं कपाळ आणि कुंकू, एवढंच दिसे. इंजिन बंद असलं की घड्याळाची टकटक ऐकू येई. ती म्हणे, गाडी झोपली तरी हिचं काळीज चालूच असतं.

त्या पौषात सालेटोल्याहून निरोप आला, की आईला हिव भरतं. सालेटोला धानोऱ्याच्या पुढे आठ मैल, रानात. तिथे शकुबाईची आई, सोनीबाई, तीन एकर धान आणि एक बैलजोडी घेऊन एकटी राहायची. एक दिवसाआड तिला हिव येई आणि दात वाजेपर्यंत हलवून जाई. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी शकुबाईला स्पष्ट सांगितलं होतं, "बाईंना इथं आणा. नीट औषध झालं नाही तर पुढचा हिवाळा त्या पाहणार नाहीत."

पण सोनीबाई यायची कुठे? तीनदा बैलांची दमणी पाठवली, तीनदा ती रिकामी परत आली. तिची रीत होती: नातू मांडीवर बसल्याशिवाय लेकीच्या घरचा घास घ्यायचा नाही. आणि शकुबाईच्या लग्नाला सोळा वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता. मायलेकी त्याबद्दल कधी बोलत नसत. दमणी रिकामी दारात उभी राहिली, की शकुबाई बैलांना पाणी दाखवायची आणि आत जायची.

"अजी, या खेपेले मोटार घेऊन जाऊ," ती नवऱ्याला म्हणाली.

"त्या रस्त्यानं? बांबूच्या फांद्या रंग खरवडतील. मधात नाला हाय, वाळू हाय. चाक फसलं त जन्मभर निघाचं नाई."

शकुबाईनं जरा थांबून म्हटलं, "सासुरवाडीनं पाह्यली नाई, त गाडी घेतली कायले?"

हे मात्र गुणवंतरावांना लागलं. दुसऱ्या बाजाराच्या दिवशी सालेटोल्याला निरोप गेला: सोमवारी सकाळी मोटार येते.

ड्रायव्हर इसरूनं पहाट फुटायला गाडी काढली. पेट्रोलचा जास्तीचा डबा गुणवंतरावांनी धानोऱ्याच्या नाकेदाराकडे उतरवून ठेवला. नव्या गाडीत वास धरतो म्हणे. पुढे साजाची, धावड्याची झाडं, मधून धुकं, आणि गाडी चालीनं चाललेली. फांदी काचेला लागली की गुणवंतराव स्वतःच्या गालाला लागल्यासारखे मागे सरत.

नाला आला आणि इसरूनं गाडी थांबवली. शकुबाई काचेला नाक लावून बघत राहिली.

पलीकडच्या काठावर सगळा सालेटोला उभा होता. आणि नाल्याच्या पांढऱ्या वाळूवर, ह्या काठापासून अर्ध्या पात्रापर्यंत, बांबूचे तट्टे अंथरले होते. बैलगाडीला आतून लावायचे, धान वाळवायचे, कुडाचे काढून आणलेले, काही काळे पडलेले, काही कालच विणलेले हिरवे. पुढे सुकलू उभा होता. सुकलू गावचा पाटील, जातीनं गोंड, सोनीबाईचा शेजारी. त्या दोघांची बैलांची सावड होती: एक दिवस त्याची जोडी तिच्या धानाच्या बांधीत, एक दिवस तिची जोडी त्याच्या.

"या जी जवाईबापू, या!" सुकलू ओरडला. "तट्टे अर्धेच हाय. तुमी येत राहा, आमी फिरवत राहतो."

गाडी तट्ट्यांवर आली. चाक पुढे गेलं की मागचा तट्टा बाया उचलत, धावत पुढे नेऊन टाकत. चाकाला वाळू म्हणून लागली नाही. कुणी ओरडत नव्हतं. नुसते पायांचे आवाज आणि चाकाखाली बांबूची करकर. शकुबाईला वाटलं, आपण पुन्हा नवरी झालो आणि माहेरचं गाव पायघड्या घालतंय. गुणवंतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

सोनीबाई अंगणात शेकोटीजवळ दोन वाकळी पांघरून बसली होती. नेमका हिवाचा दिवस. ओठ निळे पडले होते.

"आलीस माय," ती म्हणाली. "चांगलं झालं. गाडी पाह्यतो. पण मी येत नाई, आधीच सांगतो."

"नको येऊ. नुसती बसून त पाहा."

"लेकीच्या घरात?"

"गाडी म्हणजे घर होय का, आई? चुलीचा पत्ता नाई तिच्यात."

सोनीबाईनं विचार केला. ते तिला पटलं. वाकळीसकट ती मागच्या गादीवर बसली, आणि शकुबाईनं इसरूला खूण केली. इसरूनं इंजिन चालू करून हीटरचा खटका ओढला.

आधी नुसता वारा आला. मग हळूहळू पायाशी ऊब पसरली, गुडघ्यापर्यंत चढली. सोनीबाई पायाकडे वाकून बघायला लागली.

"विस्तव कुठी हाय?"

"पुढं, इंजनात जी," इसरू म्हणाला.

"मंग धूर काऊन नाई?"

पाच मिनिटांत सोनीबाईचे दात वाजायचे थांबले. दहा मिनिटांत तिनं एक वाकळ बाजूला केली. तिनं दोन्ही हात उबेपुढे धरले, उलटे केले, पुन्हा धरले, आणि काचेतून हाक मारली, "ओ सोमारी! तुले बी हिव हाय न? ये इकडं. विस्तवाबिगर शेक हाय इथी!"

सोमारी आली. मग तिची जाऊ आली, मग एक खोकणारी म्हातारी. ज्यांना हिव नव्हतं त्यांनाही भरल्यासारखं वाटायला लागलं. गुणवंतरावांना सुकलूनं तोवर मोहाच्या झाडाखाली खाटेवर बसवून घेतलं होतं आणि तो गाडीतल्या वस्तूंची माहिती विचारत होता. त्यामुळे गुणवंतराव जागचे हलेनात.

गाडीत आता इंजिनची घरघर होती आणि चार म्हाताऱ्यांचे श्वास. बाहेर गवतावर दव होतं. आत काचा धुक्यानं भरल्या होत्या आणि सोमारीनं त्यावर बोटानं एक चिमणी काढली होती. एक उतरली की दुसरी चढत होती. सोनीबाई मात्र जागा सोडत नव्हती. तिचा डोळा लागला होता. किती महिन्यांनी आईला अशी, तोंड सैल सोडून झोपलेली, शकुबाई पाहत होती.

इसरू खाली वाकून हळूच म्हणाला, "बाईसाहेब, इंजन चालू हाय कधीचं. काटा खाली चालला जी. बंद करू?"

नवऱ्याच्या गाडीला तोशीस लागेल असं शकुबाईनं आजवर काही केलं नव्हतं. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"राहू दे चालू," ती म्हणाली.

उन्हं वर आली, आणि गाडी दोन आचके देऊन गप्प झाली.

गुणवंतराव धावत आले. गादीवर वाकळी, काचेवर चिमणी, पायपुसण्यावर चिखल, आणि मधोमध चार म्हाताऱ्या. त्यांनी तोंड उघडलं होतं. पण खोकणारी म्हातारी उतरता उतरता त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "बापा, तू त ऊन साठवून आणलास रे." गुणवंतरावांचं तोंड मिटलं.

"काटा शून्यावर हाय," इसरू जमिनीकडे बघत म्हणाला. "डबा धानोऱ्याले. चालत जाऊन आणाचं म्हटलं त अंधार होते. आणि परवाच वाघरानं तिकडच्या वाटेवर गाय पाडली म्हणते."

शकुबाई पुढे झाली. "मीच चालू ठेवाले सांगतलं. माझी चूक हाय."

गुणवंतरावांनी बायकोकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू गाडीसोबत हीही वस्तू आली होती आणि त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

सुकलू म्हणाला, "बैल जुपू न जी. माही जोडी हाय, आणि सोनीबाईची."

सोनीबाई जागी झाली होती. घाम फुटून हिव उतरलं होतं. ती ताठ बसली. "असल्या कामाले माहे बैल मी दुसऱ्याच्या हाती देत नाई. मोऱ्या माह्या आवाजाशिवाय वढत नाई. धानोऱ्यापावतर मी येतो. तिथून माहे बैल घेऊन वापस."

मग ते घडलं, जे सालेटोल्यानं पुढे कितीतरी वर्षं सांगितलं. अस्मानी मोटारीला पुढून नाडा बांधला, त्याला जू, आणि चार बैल. सोनीबाई पुढच्या गादीवर इसरूशेजारी, काच खाली करून, बाहेर मान काढून. "मोऱ्या, हो! तांब्या, सरक बापा!" नाल्यात पुन्हा तट्टे फिरले. मागे गुणवंतराव आणि शकुबाई, आणि बैलांशेजारी पायी सुकलू. गाडी बैलांच्या चालीनं चालली, आणि गुणवंतरावांना पहिल्यांदा रस्ता दिसला. साजाच्या बुंध्यावरची मगरीच्या पाठीसारखी साल, फांदीवरून लटकलेला मोराचा पिसारा. फांदी काचेला लागली तरी ते मागे सरले नाहीत.

"बरी हाय गाडी," सोनीबाई एकदा वळून म्हणाली. "हलत नाई. पण बैल नसते, त कायची चालली असती!"

इसरू खोकला.

धानोऱ्याला डबा मिळाला. पेट्रोल ओतलं, इंजिन गुरगुरलं. बैल सोडले. सोनीबाई उतरायला दार चाचपू लागली, आणि शकुबाईला वाटलं, रिकाम्या दमणीसारखीच ही गाडीही आता रिकामी जाणार. सुकलू बैलांच्या गळ्यातल्या घंटा सारख्या करत होता. त्याच्याकडे बघता बघता तिला सुचलं.

"आई, सुकलूभाऊचे बैल तुह्या बांधीत आले, त तू काय करतं?"

"काय करतं म्हणजे? माहे बैल त्याच्या बांधीत जाते. सावड हाय."

"आणि तू गेली नाई त?"

"काऊन जाणार नाई? सावड कोणी ठेवते का अंगावर?"

"मंग आठ मैल तुह्या बैलांनं आमची गाडी वढली. आता आमची गाडी तुले नेईन. फेडू दे आमाले."

सोनीबाईचा हात दारावरच राहिला. तिनं सुकलूकडे पाहिलं. सुकलूनं मान डोलावली. सावडीच्या गोष्टीत तो कधी खोटं बोलत नसे.

"पण खाणं?" ती म्हणाली. "मी तुह्या घरचं..."

"सावडीच्या माणसाले जेवण कोण देते, आई?"

"ज्याच्या घरी काम असन, तो."

"मंग? काम आमच्या गाडीचंच होतं न."

गुणवंतराव खाली उतरले, पुढच्या दारापाशी गेले आणि सासूच्या अंगावरून घसरलेली वाकळ त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या पायांवर नीट केली. चिखलासकट.

"सुकलू," सोनीबाई शेवटी म्हणाली, "मोऱ्याले रात्री भुसा कमी घालजो. पोट फुगते त्याचं."

इसरूनं गाडी पुढे घेतली. आधी बैलांच्या चालीनं, मग जरा जोरात, मग आणखी. साजाची झाडं एकमेकांत मिसळून पळायला लागली, आणि सोनीबाईनं घाबरून मागे हात करून लेकीचा हात पकडला.

"शकू," ती म्हणाली, "अवो शकू, बैल मागं राह्यले वो!"