मोटारीच्या अंगात आलं

जळकोटजवळच्या उतारावर मोटार आली आणि तिच्या अंगात आलं! पुढची चाकं लटलटू लागली, स्टेअरिंग ड्रायव्हर चाँदपाशाच्या मुठीत थडथडू लागलं. आत बायांनी आरडाओरडा केला. उताराखाली शेंदूर फासलेल्या दगडापाशी शंभरेक माणसं याच रोजच्या तमाशासाठी जमली होती. त्या दगडाचे पुजारी गुंडाप्पा महाराज रस्त्यात आडवे आले, हात उंचावून गरजले, "थांब, माये!"

चाँदपाशानं ब्रेक दाबला. थरथर थांबली. माणसं दगडापुढं लोटांगण घालू लागली.

महाराजांनी मोटारीत डोकावून पाहिलं. "पुढच्या बाकावर पांढरं कपाळ! म्हणून यंत्रातली देवी कोपली. उतरवा हिला!"

विधवा धुरपदाबाई नळदुर्गला लेकीच्या बाळंतपणासाठी निघाली होती. "डायवरदादा, लेक अडलीय. मागं बसते, पर न्या मला."

गर्दी ओरडत होती. चाँदपाशानं खाली मान घालून तिचं गाठोडं रस्त्यावर ठेवलं.

मैलभर पुढं, सपाट रस्त्यावर वेग वाढला आणि स्टेअरिंग पुन्हा थडथडलं. आता ना बाई होती, ना महाराज, ना दगड. त्यानं वेग कमी केला, थरथर थांबली. बाईला विनाकारण उतरवलं होतं. पण बोललं तर मोटार मागं वळवून बाईला घ्यावं लागलं असतं. त्यानं मोटार तशीच हळूहळू नळदुर्गला नेली.

दुसऱ्या दिवशी उताराखालच्या थांब्यावर ईरण्णा सुतार वाट बघत होता. बैलगाड्यांची चाकं घडवण्यात त्याची उमर गेलेली.

"उस्ताद, धुरपदाबाईला म्या बैलगाडीतनं सोडली. पोचलो तवर बाळ झालं हुतं. लेक आईला हाका मारून थकली हुती. खरं सांगा, बाई उतरल्यावर गाडी हलली का न्हाय?"

"हलली," चाँदपाशा पुटपुटला.

"तुमी ब्रेक दाबता, वेग मरतो, म्हणून थरथर थांबते. त्यात मंतर कुठला? जॅक लावा."

चाक अधांतरी उचललं. ईरण्णानं ते वरखाली धरून हिसडलं. खट्, खट्! "आमच्या बैलगाडीचा आस झिजला की चाक असंच डुलतं बघा."

चाँदपाशाला ते ठाऊक होतं. चाक ज्या किंगपिनवर, म्हणजे जाड लोखंडी खिळीवर, डावी-उजवीकडं वळतं ती ग्रीसवाचून झिजली होती. वेग आला की त्या ढिलाईनं चाकं फडफडायची. ग्रीस भरायचा आळस त्याचाच. तो देवीच्या नावावर खपत होता, म्हणून त्यानं खपू दिला होता.

"लोखंडात देवी शोधतोस? भस्म होशील!" दगडापासून धावत आलेले गुंडाप्पा कडाडले.

"मग पुढं बसा, महाराज," ईरण्णा म्हणाला. "उस्ताद गाडी पळवतील. तुमी मंतर म्हणा, ब्रेक न लावता थांबवा थरथर."

महाराजांना एकाएकी पूजेची वेळ आठवली.

लढाईचे दिवस, सुटे भाग मिळत नव्हते; सोलापुराहून नवी पिन यायला तीन आठवडे लागले. मग मोटार तोच उतार भरधाव उतरली. चाक जरासुद्धा हललं नाही.

चाँदपाशा नळदुर्गला धुरपदाबाईच्या लेकीच्या दारात गेला. "मावशी, चूक माझी होती."

तिनं मांडीवरच्या नातवावरची नजर हलवली नाही. "मला कशाला सांगता? ज्यांच्या देखत उतरवलं, त्यांना सांगा."

बाजाराच्या दिवशी त्यानं उताराखाली मोटार उभी केली, टपावर चढला आणि सगळं सांगितलं.

"तुमाला ठावं हुतं, तर तवाच का न्हाय बोलला?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

चाँदपाशा म्हणाला, "भ्यालो. माझी चूक उघडी पडंल म्हणून भ्यालो. तुम्ही भिऊ नका. चाक हललं तर चाक तपासा, माणसाचं कपाळ नका तपासू."