खेकडा आणि आठ दिवसांचा कागद

खेकडा आमच्या घरात आला तो दगडात बसून. कुणी बोलावलं नव्हतं. पण एकदा आल्यावर पाहुण्यासारखं अवघडून बसणं वगैरे त्याने काही केलं नाही. थेट घरच्यासारखा खायला लागला.

दगड बायकोने आणला होता. आमच्या बाहेरच्या खोलीत तिची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. चार फूट लांब, आत समुद्रातले भोकाभोकांचे दगड, नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आणि मधोमध एक हिरवं प्रवाळ. नऊ वर्षांपूर्वी तिने त्याचा अंगठ्याएवढा तुकडा आणला होता. आता तो फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा झालाय. दिवसभर बोटं बाहेर काढून हलवत बसतो. एवढंच करतो. तिला तेवढं पुरायचं.

तो शेवटचा दगड आणल्यानंतर अकराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, गॅसवर दूध ठेवून ती खुर्चीत बसली आणि गेली. गॅस मी बंद केला.

मला रडू आलं नाही. येईल, असं सगळे म्हणाले. भेटायला आलेली माणसं चहा संपला तरी जरा वेळ थांबून माझ्याकडे बघायची, मग घड्याळाकडे बघून उठायची. मला त्यांचंच वाईट वाटायचं.

मी पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढली. निम्म्या शहराला पाणी सोडलं. पण घरातल्या त्या चार फुटांत हात घालायची मला परवानगी नव्हती. अपवाद एकच. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या ऑपरेशनसाठी ती आठ दिवस गेली होती, तेव्हा टाकीच्या बाजूला कागद चिकटवून गेली. तो अजून तिथेच आहे. तिचं माझ्याशी अरे-तुरे होतं, कागदावर जरा जास्तच.

‘पहिला दिवस: पाणी उडून कमी झालेलं असेल. भर घाल. गोड्या पाण्याची. खाऱ्या नाही. गोड्या. मीठ कुठे जात नाही.

दुसरा: काच पूस. आतून.

तिसरा: मिठाचं माप बघ. कळलं नाही तर फोन कर. उगाच कळल्यासारखं करू नकोस.

चौथा: मेलेलं काही दिसलं तर लगेच काढ. पाणी नासतं. वास घेत बसू नकोस.’

असं करत सातव्या दिवशी एक बादली पाणी बदलायचं, आणि मग शेवटची ओळ: ‘आठवा: काही करू नकोस. मी येतेच.’

कागद आठ दिवसांचा. नवव्या दिवसाचं त्यात काही नाही. म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. खेकड्याचं कळलं तेव्हा चौथी फेरी चालू होती. दर आठव्या दिवशी मी काहीही करत नाही. खात्यातल्या सवयीमुळे ते मला उत्तम जमतं.

मुलीला हे सगळं पसंत नव्हतं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. बायको जिथून मासे आणि दगड आणायची त्या मासेवाल्याला टाकी द्यावी आणि मी तिच्याकडे राहायला जावं, असं तिचं म्हणणं. बरीच ओढाताण होऊन शेवटी आमच्यात तह झाला. ते हिरवं जगलं तर टाकी इथेच आणि मीही इथेच. ते गेलं तर दोघांनीही हलायचं. टाकी मासेवाल्याकडे, मी तिच्याकडे.

“उलटं झालं नाही म्हणजे मिळवलं,” ती म्हणाली.

आणि तह झाल्याच्या दुसऱ्याच सकाळी हिरव्याची चार बोटं तुटलेली दिसली. त्याच्या पुढच्या सकाळी सात. मी मासेवाल्याला फोन केला. तो बायकोला मॅडम म्हणायचा आणि मला मॅडमचे मिस्टर. ते पद अजून माझ्याकडेच आहे.

“बोला, मॅडमचे मिस्टर.”

“हिरव्याची बोटं कुणीतरी खातंय.”

“दिवे चालू असताना दिसतं काही?”

“काही नाही.”

“मग खेकडाच. दगडातून आलेला असणार. अंधार पडला की निघतो. केसाळ आहे का?”

“अजून ओळख झालेली नाही.”

“करून घ्या. हिरवा, गुळगुळीत असला तर राहू द्या, शेवाळ खाईल बिचारा. केसाळ असला आणि नांग्यांची टोकं काळी असली तर आधी बाहेर काढा. मोठा झाला की मासेसुद्धा सोडत नाही तो.”

ओळख त्या फेरीच्या चौथ्या दिवशी झाली. टाकीच्या कोपऱ्यात तो उताणा पडला होता. सुपारीएवढा, केसाळ, नांग्यांची टोकं काळी. हलत नव्हता. कागदात लिहिल्याप्रमाणे लगेच काढला. वास घेतला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकला आणि मुलीला फोन लावला.

“गेला,” मी म्हणालो.

 पलीकडून एकदम बारीक आवाजात, “कोण गेला, बाबा?”

“खेकडा.”

“बाबा, असा फोन नका हो करत जाऊ.”

“मग कसा करू?”

“आधी खेकडा म्हणा. मग गेला म्हणा.”

चूक माझीच होती. मी एकदा बरोबर क्रमाने म्हणून दाखवलं.

पुढचे तीन दिवस हिरव्याला कुणी हात लावला नाही. आठव्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसलो, तर तो हिरव्यावर बसलेला. भर उजेडात. आधीपेक्षा मोठा, छोट्या लिंबाएवढा. एका नांगीने बोट धरायचं, दुसरीने तोडायचं, तोंडात घालायचं. घाई नाही. समोर कुणी बसलंय याचा संकोच नाही.

टाकीत घालायचा लांब चिमटा शेजारी टांगलेला असतो. मी तो काढला. मग कागद बघितला. आठवा: काही करू नकोस. मी चिमटा परत टांगला आणि बसलो. चहा गार झाला. तो दुपारपर्यंत खात होता.

संध्याकाळी मासेवाला फोनवर हसला. मग हसल्याबद्दल माफी मागितली. “अहो, तुम्ही काढलंत ते नुसतं कवच. खेकडा अंग वाढलं की जुनं कवच टाकून देतो. नवं कडक होईपर्यंत लपतो, मग सपाटून भूक लागते त्याला.”

म्हणजे एका महिन्यात आमच्या घरात मृत्यूच्या दोन बातम्या आल्या. त्यातली एक मागे घेण्यात आली.

मासेवाल्याने उपाय सांगितला तो सोपा होता. काचेचा उंच ग्लास घ्यायचा, तळाशी कोळंबीचा तुकडा टाकायचा, ग्लास दगडाला तिरका टेकवून ठेवायचा. खेकडा दगडावरून आत उतरतो, काच गुळगुळीत, वर चढता येत नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाचव्या फेरीच्या पहिल्या दिवशी, आधी गोड्या पाण्याची भर घातली. घरात उंच ग्लास एकच, बायकोच्या उशाशी असायचा तो. त्यातलं पाणी तसंच होतं. ते बेसिनमध्ये ओतलं. ओतताना काही वाटलं नाही. नंतर काही वाटतंय का म्हणून थोडं थांबून बघितलं.

तीन वाजता ग्लास कोळंबीसकट टाकीत टेकवून ठेवला, दिवे बंद केले, पडदे ओढले, दार लोटलं आणि खुर्चीत बसलो. इतक्यात समोरच्या वहिनी आपली वाटी न्यायला आल्या.

“अगंबाई! अंधारात काय बसलात?”

“हळू बोला. तो येईल आता.”

“कोण येणारे?”

“कोळंबीच्या वासाने येतो. काल समोरच बसला होता.”

वहिनी वाटी न घेताच गेल्या. चाळीस मिनिटांत मुलगी आली. एका पायात घरातली चप्पल, एका पायात बाहेरची.

“बाबा! वहिनी म्हणाल्या तुम्हाला कुणीतरी दिसतंय!”

“खेकडा,” मी म्हणालो. आधी खेकडा, या वेळी विसरलो नाही. “मेलेला नव्हता. ते कवच होतं. काल परत आला.”

ती धपकन स्टुलावर बसली. मोबाईलचा उजेड टाकीवर मारला. हिरव्याचा एक अख्खा कोपरा पांढरा पडलेला दिसला.

“एवढं खाल्लं? केव्हा?”

“काल. सकाळपासून दुपारपर्यंत.”

“आणि तुम्ही कुठे होता?”

“इथेच.”

“समोर खात होता आणि तुम्ही बघत बसलात? चिमटा काय शोभेला टांगलाय? अहो, तुम्हालाच राहायचं होतं ना इथे?”

“आठवा दिवस होता.”

“कसला आठवा?”

मी कागदाकडे बोट दाखवलं. तिने उजेड तिकडे नेला आणि वाचायला लागली. गोड्या पाण्यापाशी जरा हसली. मग खाली खाली गेली. शेवटच्या ओळीवर उजेड बराच वेळ थांबला. मग तिने मोबाईल बंद केला.

अंधारात आम्ही दोघं बसलो. पंपाची घरघर चालू होती. तिने दोनदा नाक ओढलं. मी म्हणालो, “आवाज करू नकोस, तो बुजतो.”

“बरं,” ती म्हणाली.

पाचच्या सुमाराला ग्लासात काहीतरी खरखरलं. तिने उजेड मारला. तो तळाशी बसून कोळंबी खात होता. पोट भरल्यावर भिंतीला पाय लावून बघितले. घसरला. पुन्हा लावले. पुन्हा घसरला. मग आमच्याकडे तोंड करून गप्प बसला.

मी बाही वर करून ग्लास उचलला आणि त्याला टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत सोडलं. मुलीने हवेचा छोटा पंप लावला. दिवे लावले तेव्हा हिरवं मिटलेलं होतं. चहा झाला, तोपर्यंत त्याची उरलेली बोटं एकेक करून बाहेर आली. पांढरा कोपरा तसाच राहिला.

“जगेल,” ती म्हणाली. टाकी देण्याचा विषय तिने काढला नाही. मीही आठवण करून दिली नाही.

“याला मारायचं?” बादलीत वाकून ती म्हणाली.

“कागदात नाही तसं.”

“आईनेच आणला ना हा?”

“तिला माहीत नव्हतं.”

 तिने पर्समधून पेन काढलं आणि कागदाशी गेली. खाली बोटभरच जागा होती. तिथे तिने बारीक अक्षरात लिहिलं: ‘नववा: बादलीतल्याला अर्धी कोळंबी. मला फोन करा.’

मी चष्मा लावून वाचलं. “आणि दहावा?”

“फोन कराल तेव्हा सांगते.”

ती चपला शोधायला लागली. दोन वेगळ्या आहेत हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. पेन टाकीच्या कडेवर राहिलं होतं. मी ते उचलून द्यायला गेलो, तर म्हणाली, “राहू द्या तिथेच.”